वेशीतलं जावळ

मोरवड कसब्यात नवरी सरळ वाटेने घरी येत नाही. परतूरकडून येणारी सडक थेट गावाच्या मोठ्या वेशीवर येऊन धडकते. वेशीपलीकडे चावडी, चावडीपलीकडे घरं. पण वरात वाजतगाजत वेशीपर्यंत आली की बँडवाले एकदम गप्प होतात, घोडा डावीकडे वळतो आणि सगळं लटांबर बुरुजाच्या कडेने, तेलीगल्लीतून, मशिदीच्या मागून, मारुतीच्या पाराला वळसा घालून आत शिरतं. नवरदेवाचे जालन्याहून आलेले मित्र विचारतात, एवढा मोठा दरवाजा, अंबारीसकट हत्ती जाईल, मग नवरी का नाही? कुणीतरी त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगतं. मग तेही गुमान वळसा घेतात.

सांगतात ते असं. वेस बांधताना कमान काही केल्या उभी राहीना. दिवसभर रचावी आणि सकाळी येऊन पाहावं तर ढिगारा. मग कुणा जाणत्याने तोडगा काढला आणि पाटलाची धाकटी सून, जिच्या हातावरची हळदसुद्धा उतरली नव्हती, ती जिवंत भिंतीत चिणली. कमान उभी राहिली ती आजतागायत. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकावर ‘पूर्व दरवाजा, राज्य संरक्षित स्मारक’ असं लिहिलेलं आहे, पण गाव तिला सुनेची वेस म्हणतं. नवी सून त्या कमानीखालून गेली तर भिंतीतली तिच्या पोटचं मूल ओढून घेते, कारण तिचं स्वतःचं राहून गेलं. हे खोटं आहे असं म्हणणारी माणसं मोरवडमध्ये झालीच नाहीत असं नाही. पण त्यांची लग्नं झाली तेव्हा त्यांनीही बायकोला वळशानेच आणली.

गोपिकाबाईही वळशानेच आली होती. धनगराची पोर, बदनापूरकडच्या वाड्यावरची. वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे, धनगराचा वाडा. आज या रानात, उद्या त्या रानात. सोळाव्या वर्षी लग्न होऊन मोरवडला आली तेव्हा तिने एवढं मोठं दगडी काम पहिल्यांदा पाहिलं. दोन्ही बाजूंना गोल बुरूज, मधे टोकदार कमान, कमानीवर नगारखाना, आणि सागवानी दरवाजाला हत्तीने टक्कर देऊ नये म्हणून ठोकलेले हातभर लांबीचे खिळे. सासूने हात धरून बुरुजाकडे वळवलं, तेव्हा मान वळवून वळवून ती मागेच पाहत राहिली होती.

त्याच महिन्यात तिच्या हातून ते घडलं. मेंढरं वेशीबाहेरच्या माळावर होती. एक काळं कोकरू कशाला तरी बुजलं आणि सुसाट वेशीत शिरलं. गोपिका त्याच्यामागे धावली. कोकरू पुढे, ती मागे, थंडगार काळोख डोक्यावरून सपकन गेला, आणि पलीकडे चावडीपुढे तिने कोकराची तंगडी धरली तेव्हा ती हसत होती. चावडीवर बसलेलं कुणी हसत नव्हतं.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. काळंभोर, मऊ, टोकाला वळलेलं जावळ घेऊन आली होती. दोन पावसाळे सोडा, तिने एकही पुरता पाहिला नाही. ताप आला आणि गेली. सासू वाईट नव्हती, पण ती एकच वाक्य बोलली, आणि ते आयुष्यभर पुरलं. “तूच वाट दाखवली तिला.” गोपिकाला धड रडताही आलं नाही. ज्याच्या हातून नुकसान होतं त्याने रडायचं नसतं, असा एक अलिखित कायदा सगळ्या घरांत असतो.

त्यानंतर ती वेशीखालून कधी गेली नाही. पण वेशीपाशी जायची. बुरुजाच्या पायथ्याला एक कोनाडा आहे, तिथे दर अवसेला ओटी भरायची. खण, हिरव्या बांगड्या, नारळ, ओंजळभर गहू. सुरुवातीला भीतीने. “बये, माझी नेली ती नेली, आता दुसऱ्या कुणाची नेऊ नको.” पुढे दोन मुलगे झाले, जगले, तेव्हा उपकार मानायला. मग सवयीने. आणि मग खरं सांगायचं तर, मैत्रिणीकडे जावं तशी. नवऱ्याने मेंढरं विकून मजुरी धरली तेव्हाचं दुःख तिने इथेच सांगितलं. नवरा गेला तेव्हा गावातल्या बाया म्हणाल्या, आता तुला ओटी भरता येणार नाही. गोपिकाबाई म्हणाली, तिच्याकडं दुसरं कोन येतं? आणि भरत राहिली. दोघी सुनाच की. एक भिंतीच्या आत, एक बाहेर.

अशी उणीपुरी पन्नास वर्षं गेली. आता तिचा नातू पप्पू जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला आहे, आणि त्याची बायको शीतल घरात आहे. बारावी शिकलेली, जिभेने तिखट, मनाने लोणी. शीतल पाच महिन्यांची गरोदर. कामावर असलेल्या आजेसासूला दुपारची भाकरी पोचवायचं तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. घर वेशीच्या आत, काम वेशीच्या बाहेर, मधे फक्त कमान, पन्नास पावलांचं अंतर. पण शीतल पाराला वळसा घालून, मशिदीमागून, तेलीगल्लीतून यायची.

“आजी, भाकरी निवून दगड होते,” ती कुरकुरायची.

“होऊ दे. दात हायेत मला,” गोपिकाबाई म्हणायची. दात फारसे नव्हते.

काम होतं ते वेशीचंच. वेस खचत चालली होती. नगारखान्यावर पिंपळ उगवला होता, त्याची मुळं दगडांच्या सांध्यांत शिरली होती आणि आतल्या घुमटाचा गिलावा सुटू लागला होता. संभाजीनगरहून साधना नावाची वास्तुतज्ज्ञ आली, तिच्याबरोबर बीदरकडे काम शिकून आलेला कारभारी मिस्त्री आला, आणि वेशीबाहेर माळावर चुन्याची घाणी बसवली गेली. गोल चर, चरीत दगडी चाक, चाकाला बैल. चुनकळी हौदात विरवायची, चांगली मुरू द्यायची, मग वाळू आणि विटांचा चुरा घालून घाणीत दळायची. वरून गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा. गोपिकाबाई बैल हाकायची आणि चरीतला चुना खालीवर करायची. बाहेरचं काम होतं म्हणून तिने धरलं होतं. आत ये म्हटलं असतं तर गेली नसती.

साधनाला मात्र ती फार आवडायची. दुपारी चहाला साधना घाणीपाशी येऊन बसायची आणि वेशीकडे बोट करून सांगायची. चौकट आहे पण शिलालेखाची शिळा नाही, त्यामुळे कुणी बांधली ते पक्कं सांगता येत नाही. कमानीच्या घाटावरून आणि विटांच्या मापावरून तीन-साडेतीनशे वर्षं जुनी असावी. दगडांना आतून लोखंडी पकडी आहेत आणि त्यांवर शिसं ओतलेलं आहे, म्हणून गंज चढला नाही. पावसाचं पाणी नगारखान्यावर थांबत नाही, भिंतीच्या पोटातल्या खापरी नळातून खाली उतरतं. आणि घुमट लाकडाच्या आधारावाचून, विटांचं एकेक कडं लावत वर नेला आहे. प्रत्येक कडं पुरं झालं की ते स्वतःच स्वतःला धरून राहतं.

“आणि मावशी, कमानीतला एकेक दगड खाली पडायला निघालेला असतो बरं का. शेजारचे दोघं त्याला पडू देत नाहीत. तो त्यांना पडू देत नाही.”

“म्हंजी ते झोपतच न्हाईत?”

“नाही. बांधली त्या दिवसापासून जागे आहेत.”

गोपिकाबाईने कमानीकडे पाहिलं. “अन समदं वजन कुणाच्या डोक्यावर म्हनायचं?”

“सगळ्यांच्याच.”

गोपिकाबाईने मान हलवली, पण तिला पटलं नाही. वजन कुणाच्या डोक्यावर आहे ते तिला माहीत होतं.

मग तो दिवस आला. कारभारी मिस्त्री घुमटाखालच्या परांचीवर चढून लाकडी हातोडीने गिलावा वाजवून बघत होता. जिथे आवाज भद्द येतो तिथे गिलावा आतून सुटलेला असतो. एका जागी त्याने हातोडी टेकवली न टेकवली तोच परातीएवढा पोपडा सुटून खाली आला आणि फुटला. मिस्त्रीने वर पाहिलं. जिथून पोपडा निघाला तिथे, आतल्या थरातून, काळे केस लोंबत होते.

धीट माणूस. मिनारांवर चढलेला. पण हातोडी वरच टाकून तो परांचीवरून उतरला. “घावली,” एवढंच तो म्हणाला. मजुरांनी घमेली टाकली आणि ते ओरडत बाहेर धावले. गल्लीत त्या ओरडण्याचं ‘वेस पडली’ झालं, आणि दोन घरं पुढे ‘वेशीखाली माणसं गाडली’ झालं.

गोपिकाबाई बैलाची वेसण धरून उभी होती. समोर कमानीचा काळोख. त्या काळोखातून, मोकळ्या केसांनी, एक हात पोटावर धरून, कुणीतरी धावत तिच्याकडे येत होतं. क्षणभर तिला वाटलं, भिंतीतलीच बाहेर आली. मग ती उजेडात आली. शीतल होती.

“आजी! तुम्ही बऱ्या आहात ना? लोकं म्हणले वेस पडली...” शीतल तिच्या गळ्यातच पडली. मग तिने मागे वळून पाहिलं आणि आपण कुठून आलो ते तिच्या ध्यानात आलं. तिने दोन्ही हात पोटावर घेतले.

पन्नास वर्षांपूर्वी गोपिकाबाई एका कोकरासाठी धावली होती, आज ही पोर तिच्यासाठी धावली. कुणीही माया करायला धावावं आणि या कमानीने त्याचा हिशेब करावा, हा कसला न्याय? पण हे ती मोठ्याने बोलली नाही. तिने शीतलला पदराखाली घेतलं आणि वळशाने घरी नेलं.

चावडीपुढे गाव जमलं. नारळ आले, हळदकुंकू आलं. वडीलधाऱ्यांनी ठरवलं की भोक आजच्या आज सिमेंटने बुजवायचं, खाली सुनेची घुमटी बांधायची आणि काम बंद करायचं.

“सिमेंट लावलंत तर आतली ओल आतच अडकेल,” साधना कळवळून सांगत होती. “घुमट येता पावसाळा काढणार नाही. आणि ऐका, हे बाईचे केस नाहीत. जुन्या गिलाव्यात ताग घालायचे, जनावरांचे केस घालायचे, म्हणजे तडे जात नाहीत. हे मेंढीचे नाहीतर बकरीचे असतील.”

“म्याडम, तुमच्या पुस्तकात असल. हितली बात अलग हाय,” कुणीतरी म्हणालं. कारभारी मिस्त्रीही गप्प होता. त्यानेही बीदरकडे गिलाव्यात केस पाहिले होते. पण तिथे त्याला कुणी सुनेची गोष्ट सांगितली नव्हती.

सगळ्यांत जास्त संतापली गोपिकाबाई. “मेंढरू म्हन्ता व्हय तिला?” ती साधनावर ओरडली. “एक तर जिती गाडली, अन आता तिचं मानूसपन बी काढून घ्या!” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग ती गावाकडे वळली. “कुणी काही करू नका. पन्नास वरसं ओटी म्या भरली. तिला म्या शहागडला गोदेवर नेते, गंगेत सोडते. तवर भिंतीला हात लावायचा न्हाई.”

वडीलधाऱ्यांनी सिमेंटचं तेवढ्यापुरतं थांबवलं. साधनाने नियमाप्रमाणे मोठे तुकडे स्वतःकडे ठेवले आणि केसांचा एक सुटा गोळा, चुन्यासकट, गोपिकाबाईच्या कोऱ्या खणात बांधून दिला.

संध्याकाळी अंगणात बसून गोपिकाबाईने खण सोडला. बाई माहेरी निघाली तर तिला तशीच पाठवतात का? न्हाऊमाखू घालून, वेणीफणी करून पाठवतात. ही तर एवढ्या वर्षांनी सुटणार होती. गंगेला जाताना तरी तिच्या केसांत चुना नको. गोपिकाबाईने घरातलं आंबट झालेलं ताक आणलं. तिची आई तिचे केस ताकानेच धुवायची. परातीत गोळा ठेवला आणि वरून ताक ओतलं.

चुना फसफसला. बारीक बारीक बुडबुडे आले आणि परातीतून हलका, सुटल्यासारखा आवाज येऊ लागला. गोपिकाबाईने हात जोडले. “बोल माय,” ती म्हणाली. “काय म्हनायचं ते आज म्हन.” दाराआडून बघणारी शीतल एक पाऊल मागे सरली.

ताक पाणचट झालं, तिने बदललं. चुना उतरत गेला, केस मोकळे होत गेले. गोपिकाबाई ते बोटांनी विंचरू लागली, आणि तिचा हात थबकला. एकही केस बोटाहून लांब नव्हता. मऊ होते. काळेभोर होते. आणि प्रत्येकाचं एक टोक निमुळतं होऊन वळलेलं होतं.

असे केस तिने एकदाच हाताळले होते, आपल्या मुलीच्या डोक्यावर. हे बाळाचं जावळ होतं.

म्हणजे सून एकटी नव्हती! तिच्यासोबत लेकरू गाडलं होतं! गोपिकाबाई तो पुंजका छातीशी धरायला गेली, आणि बोटात कचकन काहीतरी रुतलं.

तिने ते काढलं. दिव्याच्या उजेडात धरलं. पवन्या गवताचं कुसळ होतं. तिने पुंजका उलगडला. आत आणखी एक कुसळ होतं, आणि त्याच्याही आत, चुन्यात पांढरं झालेलं, एक गोखरू.

गोपिकाबाईचं अर्धं आयुष्य लोकरीतून कुसळं आणि गोखरू वेचण्यात गेलं होतं. हे काटे बाळाच्या डोक्याला लागत नाहीत. बाळ काही माळावर चरायला जात नाही.

सकाळी उजाडताच ती अंतरवालीच्या रस्त्याला लागली. तिचा धाकटा दीर आबाराव तिकडे वेचणी संपून उलंगलेल्या एका कापसाच्या रानात मेंढरं घेऊन उतरला होता. घरातल्या सगळ्यांनी मेंढरं विकली, आबारावने विकली नाहीत. म्हाताऱ्याने पुंजका तळहातावर घेतला, दोन बोटांत चोळला, डोळ्यांजवळ नेला. मग उठला, एक काळं कोकरू पकडून आणलं आणि त्याच्या मानेवरच्या लोकरीशेजारी पुंजका धरला. एक नवा, एक जुना. दुसरा काही फरक नव्हता.

“जावळ हाय, वैनी,” तो म्हणाला. “कोकराचं. एक टोक कातरीचं, दुसरं जल्मापासूनचं. एकदा कातरलं की मंग असं वळलेलं टोक पुन्हा येत न्हाई.”

“समदं?”

“समदंच.” त्याने कोकरू खाली सोडलं. “किती हाय तिथं?”

“मिस्त्री म्हनतो, अख्ख्या घुमटाच्या पोटात असल.”

आबाराव मटकन बांधावर बसला. एका कोकराचं जावळ म्हणजे मूठभर लोकर. आयुष्यात एकदाच निघते. ती विकत नाहीत. घरात बाळ येणार असेल तर तिची इवली घोंगडी करतात, नाहीतर देवाला वाहतात. “अख्खा घुमट,” तो पुटपुटला. “वैनी, हे एका वाड्याचं काम न्हाई. दहा वाड्यांचं बी न्हाई. मुलखातल्या समद्या धनगरांनी त्या साली जावळ आनून दिलं असल. त्या साली कुन्याच लेकराला घोंगडी मिळाली नसल.”

मेंढरं चरत होती. मग गोपिकाबाईने तो प्रश्न विचारला जो तिने कधी कुणाला विचारला नव्हता.

“भावजी, भिंतीत कुनीच न्हाई, तर माझी पोर कुनी नेली?”

आबाराव तेव्हा लहान होता, पण नकळता नव्हता. “तापानं गेली, वैनी. त्या साली लई पोरं गेल्ती. पाटलाचं गेल्तं. तेल्याची दोन गेल्ती. त्यांच्या सुना वळशानंच आल्त्या.”

“मंग तवा काऊन बोलले न्हाई?”

“माय बोलून राह्यली होती. तिच्यापुढं कोन बोलनार?” तो मान खाली घालून म्हणाला. “अन नंतर वाटलं, तुम्हाला ठावंच असल.”

ठाऊक कसं असणार? कधीकाळी माणसांनी गिलाव्यातले केस पाहिले असतील आणि बाई ठरवली. मेंढरू कुणाच्या मनातच आलं नाही, कारण बळी द्यायचा तर तो सुनेचा, हे आपल्याकडे कमान बांधायच्या आधीच ठरलेलं असतं. आणि एकदा ती भिंतीत आहे म्हटलं की गावात मेलेलं प्रत्येक मूल तिच्या नावावर टाकता येतं. जी मुलं वळशाने येऊनही मेली ती कुणी मोजत नाही.

दुपारी ती दोघं मोरवडला आली. आबारावच्या काखेत काळं कोकरू होतं. त्याने वेशीबाहेर जमलेल्या गावापुढे कोकरू आणि पुंजका शेजारी शेजारी धरले. कुसळं हातोहात फिरली. गावात निम्मी घरं मेंढरांची किंवा शेतीची. कुसळ कुणाला ओळखायला सांगावं लागलं नाही. कारभारी मिस्त्रीने गोखरू हातात घेतलं आणि कितीतरी वेळ नुसता हसत राहिला.

“मी प्राण्याचे केस म्हणाले,” साधना गोपिकाबाईला म्हणाली. “पण पहिली लोकर... हे मला माहीत नव्हतं, मावशी.”

“तुम्ही खरंच बोलल्या होत्या. म्याच वरडले,” गोपिकाबाई म्हणाली. आणि ती चालू लागली. वळशाकडे नाही. सरळ.

कमानीच्या तोंडाशी तिचे पाय आपोआप थांबले. पन्नास वर्षांची सवय पायांत असते. मग तिने उंबऱ्याच्या दगडावर पाय ठेवला. डोक्यावरून तोच गारवा सपकन गेला. तेव्हा ती धावत होती, वर बघायला सवड नव्हती. आज तिने वर पाहिलं.

बाहेरून चौकोनी दिसणारी वेस आत वर जाता जाता गोल होत होती. चार कोपऱ्यांतून चार लहान कमानी निघून एकमेकींचे हात धरत होत्या, त्यांच्या खांद्यांवर घुमट बसला होता, आणि घुमटात विटांची कडी एकात एक, लहान लहान होत पार वरच्या एका ठिपक्यापर्यंत गेली होती. इतकं वजन डोक्यावर होतं आणि कुठेही वजन दिसत नव्हतं. धुराने काळ्या झालेल्या गिलाव्याखाली कुठेकुठे निळी फुलं डोकावत होती. आणि जिथे जिथे गिलावा उडाला होता तिथे तिथे, साऱ्या घुमटभर, काजळीच वाटावी अशी काळी लव दिसत होती. तिच्या माणसांनी आणून दिलेली. जी माणसं या वेशीबाहेर पालं टाकून राहिली, ज्यांना आत कुणी बस म्हटलं नसेल, त्यांनी आपल्या लेकरांची ऊब आणून या दगडांच्या पोटात घातली होती, आणि त्या मऊ लवेने एवढा डोंगर तडा न जाता धरून ठेवला होता. कुणाचा जीव न घेता. गोपिकाबाईचे हात आपोआप जोडले गेले. देवळातसुद्धा तिला असं कधी झालं नव्हतं.

“माझी पोर तापानं गेल्ती,” ती म्हणाली.

घुमटाने तिचा आवाज गोल फिरवून तिलाच परत दिला. मग तिथेच, चुन्याच्या राड्यात बसून, ती आपल्या मुलीसाठी रडली. मोठ्याने, गळा काढून, जसं तेव्हा रडायचं राहून गेलं होतं. कुणी तिला उठवलं नाही.

काम पुन्हा सुरू झालं. घुमटाच्या नव्या गिलाव्यात काय घालायचं यावर साधनाने काही विचारायच्या आत आबारावने यंदाचं सगळं जावळ गोणीत भरून आणलं. साधनाने सांगितलं की चुना चांगला निवल्याखेरीज लोकर घालायची नाही, गरम चुना केस खाऊन टाकतो. लावायच्या अगदी आधी, हाताने, थोडं थोडं. ते काम गोपिकाबाईने मागून घेतलं. आता ती घाणीपाशी नव्हती, घुमटाखाली होती. घमेल्यात चुना घ्यायची, जावळाची चिमूट पिंजून त्यात कालवायची, आणि वर द्यायची. एकदा तिने पदराच्या गाठीतून गंगेत सोडायला ठेवलेला तो जुना पुंजकाही काढला आणि घमेल्यात मिसळला. तो जिथला होता तिथे गेला.

त्या दुपारी शीतल भाकरी घेऊन निघाली. केस निघाले त्या दिवसापासून ती वेशीच्या बाजूला फिरकली नव्हती. आबारावने कोकरू दाखवलं, सगळं गाव बोललं, तरी रात्री झोपेत तिचा हात पोटावरच असायचा. ती चावडीपुढे आली, सवयीने पाराकडे वळली.

“शीतल!”

तिने पाहिलं. कमानीच्या मधोमध, दोन्ही हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे झालेली गोपिकाबाई उभी होती.

“सरळ ये, माय.”

शीतल जागची हलली नाही. चावडीवरची माणसं उठून पाहू लागली. गोपिकाबाईने हात पुढे केला नाही, की बोलावणं पुन्हा केलं नाही. नुसती उभी राहिली, डोक्यावर अख्खा घुमट घेऊन. मग शीतलने पोटावरचा हात काढला, भाकरीचं फडकं दोन्ही हातांत नीट धरलं आणि सावकाश, वर बघत बघत, कमानीखालून चालत आली.

दोघी तिथेच उंबऱ्याच्या दगडावर बसल्या. गोपिकाबाईने हात धुतले, फडकं सोडलं आणि भाकरीला हात लावला. भाकरी अजून गरम होती.